कार्डाची मागची बाजू

दि. ३ जून

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. तुझे पत्र पोचले. प्रारंभीच एक दुरुस्ती सुचवतो. 'तीर्थरूप' हे केवळ आईवडिलांना लिहावे. मावशीच्या नवऱ्यास 'तीर्थस्वरूप' लिहितात. तुझ्या मावशीने हे हसून सोडून दिले असते. मला ते जमत नाही.

तुझ्या शोधनिबंधासाठी मागितलेली सामग्री सोबतच्या पार्सलातून पाठवत आहे. ग्रंथालयात सूचीचे काम करताना तुझी मावशी बाद ठरलेली कोरी सूचिकार्डे घरी आणत असे, हे तुला ठाऊक आहे. वाचकांनी परत केलेल्या पुस्तकांत जे काही राहून गेलेले सापडे, म्हणजे तिकीट, केसांची पिन, औषधाची चिठ्ठी, वाळलेले पान, त्याची नोंद आणि त्यावर सुचलेले एखादे वाक्य ती कार्डावर लिहून ठेवी. बावीस वर्षांत अशी चारशे बारा कार्डे झाली. पेन्सिल पुसट होत चालल्याने मी ती सर्व दोन दुरेघी वह्यांत उतरवून काढली. सकाळी दहा ते साडेबारा असे अडीच महिने लागले. दोन्ही बाजूंना समास सोडलेला आहे. खाडाखोड कोठेही नाही. मूळ कार्डे टपालाच्या हवाली करण्यास मन धजत नाही.

तुझ्या पत्रात ग्रंथपालांचा उल्लेख चार वेळा आला आहे. मोजण्याचा हेतू नव्हता. जन्मभर आरेखकाचे काम केल्याने सवय लागली आहे. निवृत्तीनंतर ते तुमच्या विभागात शिकवावयास येतात ही चांगली गोष्ट आहे. ते तुझ्या मावशीचे वरिष्ठ होते हेही खरे. तथापि या वह्या त्यांना दाखवण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. त्या घरच्या आहेत.

फोनवर मला बोलणे सुचत नाही, म्हणून पत्रच लिहीत जा. आपुलकी आहेच, ती पत्रागणिक वाढो.

तुझा,
काका

दि. ९ जून

ती. स्व. काकांस,

शि. सा. न. वि. वि. बघा, 'स्वरूप' लिहिलंय. आता तरी पास करा.

वह्या मिळाल्या. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला वाटलं मी छापखान्यातून काही मागवलंय. एवढं सुंदर अक्षर मी परीक्षेतही काढलं नाही. आई म्हणाली की काकांनी लग्नाच्या यादीतसुद्धा पट्टी लावून रेघा मारल्या होत्या, आणि मावशी ती यादी सगळ्यांना दाखवत फिरली होती.

काका, मावशी काय लिहायची हो. 'पुस्तकात राहिलेली वस्तू वाचक कुठे थांबला ते सांगते, का थांबला ते सांगत नाही.' हे वाचून मी वही मिटून जरा वेळ खिडकीत जाऊन बसले. मला नेहमी वाटायचं, मावशी म्हणजे चष्मा शोधणारी आणि सापडल्यावर माझ्यावर आळ घेणारी. तिच्या डोक्यात हे सगळं चालायचं हे मला ठाऊकच नव्हतं.

निबंधात मी तिची पुष्कळ वाक्यं घेतली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी 'मावशीच्या अप्रकाशित नोंदींवरून' असं लिहिलं आहे. वीस तारखेला निबंध द्यायचा. ग्रंथपाल सर भेटले की दर वेळी विचारतात, काका कसे आहेत, गुडघा काय म्हणतो. तुमचा गुडघा त्यांना कसा माहीत, हे तुम्हीच सांगा. (हा पत्रातला पहिलाच आणि शेवटचा उल्लेख. मोजा.)

वेळेवर जेवत जा. माझ्यावर डोळे वटारायचा हक्क तुम्हाला कायम राहो.

तुमची,
भिंगरी

दि. २७ जून

ती. स्व. काकांस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फाडली.

माझा निबंध अडकला आहे. आमच्याकडे प्रत्येक निबंध साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. माझ्या निबंधात एकतीस टक्के साम्य निघालं. चौदा वाक्यं ग्रंथपाल सरांच्या नऊ वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तकातली निघाली, काही तर शब्दाला शब्द. आणि ती सगळी वह्यांतली, मी मावशीची म्हणून घातलेली.

मार्गदर्शक बाईंनी बोलावून दार लावून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही, पण वाङ्मयचौर्यात हेतू नंतर विचारतात, आधी वाक्य कुणाचं ते विचारतात. मी म्हटलं, मी नाव दिलंय, मावशीचं दिलंय. त्या म्हणाल्या, चुकीच्या माणसाचं नाव देणं म्हणजे नाव न देण्यासारखंच, खऱ्या माणसाचं तर गेलंच ना. अठरा जुलैला समितीपुढे जायचं आहे. समाधान झालं नाही तर निबंध रद्द, वर्ष वाया आणि नावावर शेरा.

काल दिवसभर विचार करून मला एकच उत्तर सुचतंय. मावशी सरांच्या हाताखाली होती. तिची कार्डं टेबलावर पडलेली असायची. तिनं सरांचं घेतलं नसून सरांनीच तिचं घेतलं असेल तर? काका, तुम्हीच सांगा. ही वाक्यं मावशीचीच ना?

उत्तर लवकर पाठवा. वाट बघते.

भिंगरी

दि. १ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझे पत्र वाचून अतिशय वाईट वाटले. तू घाबरू नकोस.

तू सरळ प्रश्न विचारला आहेस. मी तुला जे मला ठाऊक आहे ते क्रमाने सांगतो. कार्डांवरील अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत तुझ्या मावशीचे आहे. ही कार्डे लिहिण्यास तिने बावीस वर्षांपूर्वी आरंभ केला. ग्रंथपालांचे पुस्तक तू म्हणतेस त्याप्रमाणे नऊ वर्षांपूर्वीचे आहे. या दोन तारखांवरून कोणता निष्कर्ष काढावयाचा तो तू काढू शकतेस. तुझी शंका अस्थानी आहे असे मला म्हणता येत नाही.

त्या पुस्तकाच्या प्रारंभी ऋणनिर्देशात तिचा उल्लेख 'सूची विभागातील सहकारी बाई' असा आहे. तिला त्याचे काही वाटले नाही. मला वाटले.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी ग्रंथपाल बस बदलत आमच्याकडे आले होते. बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. तुझ्या आईने चहा केला तेव्हा ते म्हणाले की बाई दुपारच्या चहात साखर घेत नसत. एकतीस वर्षे मी तिच्याबरोबर सकाळचा चहा घेतला. साखर दीड चमचा. दुपारच्या चहाविषयी मला काही माहिती नव्हती, कारण दुपारी ती तिकडे असे. त्यांनी ते सहज सांगितले. सहज सांगितले म्हणूनच मी ते विसरू शकलेलो नाही.

असो. समितीसमोर धीराने जा. तुझ्या पाठीशी मी आहे याची खात्री बाळग.

काका

दि. ५ जुलै

ती. स्व. काकांस,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र आलं आणि अंगात बळ आलं. मी तक्रारीचा मसुदा लिहायला घेतला आहे: सरांनी कनिष्ठ सहकाऱ्याचं लेखन स्वतःच्या नावावर छापलं. आई म्हणते जरा दमानं घे. पण मावशीचं नाव 'सहकारी बाई' एवढंच राहावं, हे मला सहन होत नाही.

मसुदा बाईंना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या की हा आरोप सिद्ध झाला तर या माणसाचं जन्मभराचं काम संपलं, आणि सिद्ध नाही झाला तर तुझं. वहीतल्या नकलेवर कुणी विश्वास ठेवणार नाही, मूळ कार्डं समितीपुढे ठेवावी लागतील.

तेव्हा काका, पेटी पाठवाच. टपालावर भरवसा नसेल तर आईबरोबर पाठवा, ती बाराला इकडे येणार आहे.

काल विभागाच्या जिन्यात सर भेटले. हातात पुस्तकांचा गठ्ठा होता, एक पुस्तक निसटून पायरीवर पडलं. एरवी मी उचललं असतं. ते म्हणाले, काकांच्या गुडघ्याला बरं आहे ना. मी उत्तर न देता खाली उतरून गेले. वळून पाहिलं तर ते कठडा धरून वाकत होते. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तुम्ही सोबत आहात म्हणून निभावतेय.

तुमची,
भिंगरी

दि. ९ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

वि. वि. तक्रार देऊ नकोस. दिली असल्यास आज परत घे. हे पत्र पूर्ण वाचून मग माझ्याविषयी जे ठरवायचे ते ठरव.

पेटी तुझ्या आईबरोबर पाठवत आहे. कोणतेही कार्ड हाती घेतलेस की ते उलट. पुढच्या बाजूस वाक्य आहे. मागच्या बाजूस ते वाक्य कोठून आले याची नोंद आहे. तुझ्या मावशीची ती पद्धत होती. स्वतःचे असेल तर मागे एक बारीक फुली. दुसऱ्याचे असेल तर कोणाचे, कोठे वाचले किंवा ऐकले, पृष्ठ कोणते.

मी केवळ पुढची बाजू उतरवली.

हे अनवधानाने झाले असे लिहिणे सोपे आहे आणि माझ्यासारख्या नीटनेटक्या माणसाकडून ते खरेही वाटेल. पण तसे झाले नाही. पहिली सहा कार्डे मी दोन्ही बाजूंनी वाचली. त्यांपैकी चार कार्डांमागे ग्रंथपालांचे नाव होते. 'ग्रंथपाल, बोलताना.' 'ग्रंथपाल, दुपारी चहाच्या वेळी.' त्या दुपारच्या चहाविषयी मी तुला लिहिलेच आहे. सातव्या कार्डापासून मी कार्ड उलटलेच नाही. तिच्या अक्षरात ते नाव पुन्हा पुन्हा उतरवून काढणे माझ्याने होईना. मला ती वाक्ये तिची हवी होती. निदान त्यांची नको होती.

मी छत्तीस वर्षे नकाशे काढले. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते: कोणी काढला, कोणी तपासला, मूळ मोजमाप कोणाचे. ती चौकट रिकामी असलेला कागद मी कधी खात्याबाहेर जाऊ दिला नाही. एकदा साहेबांचाही परत पाठवला होता. आणि घरी चारशे बारा चौकटी मी स्वतःच्या हाताने कोऱ्या ठेवल्या.

तू विचारलेस तेव्हा खरे सांगता आले असते. मी दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवून गप्प राहिलो. त्या माणसाने पुस्तक उचलण्यासाठी वाकावे आणि तू निघून जावेस, हे माझे काम आहे, तुझे नव्हे. समितीस हे पत्र दाखव. दोष ज्याचा आहे त्याच्या नावावर पडू दे.

या वेळी लोभ मागण्याचा मला अधिकार नाही.

काका

दि. २१ जुलै

ती. स्व. काकांस,

शि. सा. न. वि. वि. चार दिवस मी तुमच्यावर इतकी चिडले होते की आईनं पेटी आणली तरी उघडली नाही. मग आईच म्हणाली, रागाला वेळ पुष्कळ आहे, समितीला तीनच दिवस आहेत.

बाई आणि मी दोन दिवस विभागातल्या लांब टेबलावर कार्डं मांडून बसलो. एक कार्ड, एक वाक्य, उलटायचं, नोंद घ्यायची. चौदापैकी चौदा वाक्यं सरांची निघाली. 'कुठे थांबला, का थांबला' तेही सरांचंच. मावशीनं एकही वाक्य बेवारस ठेवलेलं नाही. बाईंनी ती कार्डं पाहून चष्मा काढला आणि म्हणाल्या, मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी हेच ओरडते, वाक्य उतरवण्याआधी त्याचा धनी लिहा. शब्द तेच असतील तर अवतरणात ठेवा. शब्द तुमचे आणि विचार दुसऱ्याचा असेल तरी नाव लिहा. आणि आठवत नसेल तर वापरूच नका. तुझ्या मावशीच्या कार्डावर हे सगळं पेन्सिलीनं आहे.

माझी चूकही त्यांनी पदरात घातली. नक्कल हातात आल्यावर मूळ कुठे आहे हे मी विचारायला हवं होतं. अक्षर सुंदर होतं म्हणून मी विश्वास ठेवला.

समितीनं कार्डं पाहिली, तुमचं पत्र वाचलं. सगळे संदर्भ दुरुस्त करून महिन्याभरात निबंध पुन्हा द्यायचा. शेरा नाही.

सरांची माफी मागितली. तक्रारीचा मसुदाही दाखवला, लपवून काय करू. त्यांनी तो वाचून परत दिला आणि म्हणाले, भाषा चांगली आहे. मग मावशीबद्दल म्हणाले, बाई माझ्या तोंडून निघालेलं वाक्य लिहून घ्यायच्या आणि तुमचं की वाचलेलं असं विचारायच्या. त्यांच्या धाकानं मी जपून बोलायला लागलो. तुमचा गुडघा त्यांना कसा माहीत, तेही विचारलं. मावशी दुपारच्या चहाला तुमच्याविषयीच बोलत असायची. म्हणजे बावीस वर्षं तुमचा गुडघा, तुमची पट्टी, तुमच्या रेघा.

आता खरी गंमत. दोनशे एकोणऐंशी क्रमांकाचं कार्ड. पुढे लिहिलंय: 'माणूस खूण ठेवतो ती परत येण्यासाठी. न परतलेल्यांच्याच खुणा आपल्या हाती लागतात.' उलटलं तर मागे: 'हे म्हणाले. रविवार, जेवताना, पाण्याचा जग पुढे करत. मी दोनदा म्हणायला लावले.'

काका, हे वाक्य तुमचं आहे. माझ्या निबंधाचा शेवट याच वाक्यानं होणार आहे आणि खाली तुमचं नाव असणार आहे. राग अजून थोडा आहे, पण आता तो घरच्यासारखा आहे.

तुमची,
भिंगरी

दि. २५ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझे पत्र आले त्या दिवशी मी ते वाक्य मोठ्याने वाचले. घरात दुसरे कोणी नव्हते. तिने ते दोनदा म्हणावयास लावले होते, हे मला आठवते. तिने जग माझ्या हातातून घेतला आणि तसाच धरून ठेवला. इतकी वर्षे झाली. तिने माझ्याकडे तसे पाहिल्याचे प्रसंग मी सांगू शकेन, कारण ते फार नाहीत.

दोन दिवस मी काही लिहिले नाही. कारण असे की माझे नाव तुझ्या निबंधाच्या शेवटी यावे, अशी मला इच्छा झाली.

ते वाक्य माझे नाही. त्याच्या तीन आठवडे आधी ग्रंथालयाच्या वर्धापनदिनी मी तिला न्यावयास गेलो होतो. ती आत कार्यक्रमाचे सामान आवरत होती. मी चहाचा कप घेऊन दाराशी उभा होतो आणि ग्रंथपाल कोणाशी तरी बोलत होते. ते वाक्य त्यांचे आहे. ती त्या वेळी ऐकण्यासारख्या अंतरावर नव्हती, हे मी पाहून ठेवले होते. घरी आल्यावर लगेच म्हटले नाही. तीन आठवडे थांबलो. त्यांच्या वाक्यांवर तिचा चेहरा उजळतो, तसा एकदा माझ्यावरही उजळावा, एवढाच हेतू होता. तो साध्य झाला.

चारशे बारा कार्डांत तुला एका कार्डामागे मी सापडलो आणि तेही चोरीच्या वाक्यामुळे. ते वाक्य ग्रंथपालांच्या नावावर घाल. मूळ त्यांच्या पुस्तकात असल्यास पृष्ठ शोधून दे.

तिला मी हे कधी सांगितले नाही. आता सांगावयास तूच उरली आहेस.

काका

दि. २९ जुलै

ती. स्व. काकांस,

शि. सा. न. वि. वि. एवढं शिकूनही माझ्या हातून पुन्हा तीच चूक झाली. कार्डाच्या मागची नोंद मी तुम्हाला अर्धीच लिहिली होती. खाली दुसऱ्या पेन्सिलीनं आणखी दोन ओळी आहेत. मला वाटलं, काकांना हे वाक्य राहू दे, कोण बघतंय. निबंधात मी सरांचं नाव आणि पुस्तकाचं पान घालणारच होते, फक्त तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. तुमचं पत्र वाचून लाज वाटली.

पुढच्या ओळी अशा आहेत, जशाच्या तशा: 'नंतर सापडले: ग्रंथपालांचे पुस्तक, पृ. ४१. ह्यांना सांगायचे नाही. मी ऐकले ते ह्यांच्याकडूनच.'

म्हणजे इतकी वर्षं तिला ठाऊक होतं, आणि तुमची पहिली ओळ तिनं खोडली नाही. बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, संदर्भ देण्याची हीच रीत आहे. मूळ कुणाचं ते लिहायचं, आणि आपल्यापर्यंत कुणी पोचवलं तेही लिहायचं.

निबंधात सरांचं पुस्तक, पृष्ठ एक्केचाळीस, आणि पुढे 'मावशीच्या नोंदीत तिच्या पतीच्या तोंडून' असं आहे. आता नाही म्हणू नका.

तुमची,
भिंगरी

दि. २ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. नाही म्हणत नाही. नोंद बरोबर आहे.

ग्रंथपालांना मी आज पत्र घातले. त्यात दोन्ही गोष्टी लिहिल्या: तुला दिलेले उत्तर आणि वर्धापनदिनाचा चहा. त्यांच्याविषयी माझे मन पूर्ण निवळले असे लिहिले तर ते खोटे होईल. तिच्या दुपारी त्यांना मिळाल्या, याचा हेवा आजही आहे. पण त्या दुपारी ती काय बोलत असे हे त्यांनाच विचारता येईल, म्हणून या बाजूस आल्यास घरी या असे लिहिले आहे. चहात साखर किती, तेही विचारले आहे.

तुझे काम संपले की पेटी परत पाठव. टपालाने पाठवलीस तरी चालेल, नीट बांध. कार्डे तिच्याच क्रमाने लाव.

मी त्यांतली सहाच कार्डे उलटली आहेत. तू सर्व उलटली असशील. कोणत्या कार्डामागे काय आहे ते मला कळवू नकोस. चारशे सहा मागच्या बाजू राहिल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळांवर त्यांचे नाव असेल, ते मी वाचेन. रोज सकाळी दहा वाजता एकच कार्ड, असे ठरवले आहे. घाई करण्याचे कारण नाही.

या पत्रातला एकही शब्द उसना नाही. माया तुझ्याकडून आली आहे, ती तशीच येत राहो.

तुझा,
काका